वाटणीत न आलेला कॉम्प्युटर

भर दुपारी लॅपटॉपवर काम करताना डोळा लागू लागला की मला अजून तो निळा स्क्रीन दिसतो. निळ्यावर पांढऱ्या रेघांच्या दोन चौकटी, एकीवर दुसरी सरकलेली. शाईचा वास येतो, पंखा घरघरतो. मंगळवार पेठेतला आमचा छापखाना. मी नुकतीच कॉलेज संपवून तिथं कॉम्प्युटरवर बसू लागले होते.

छापखाना आबांचा आणि काकांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा. दोघांचं बिनसलं. कशावरून, ते आजही घरात कुणाला धड सांगता येत नाही. वाटणी मात्र चोख झाली. दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत आली. छपाईचं मशीन काकांकडे, कटिंग मशीन आबांकडे. मग छापलेले गठ्ठे कापायला इकडून तिकडं न्यायचे कुणी, तर मी. बोलणं बंद, धंदा चालू! कॉम्प्युटर एकच होता. तो काही कापता येईना, म्हणून प्लायवूड त्याच्या टेबलाशी येऊन थांबलं. सकाळी काका शेजारी बसून माझ्याकडून टाइप करून घ्यायचे, दुपारी आबा.

त्या कॉम्प्युटरवर एक नवा प्रोग्रॅम घातला होता. त्यात दोन कामं दोन खिडक्यांत एकदमच उघडी ठेवता यायची. एक खिडकी मागं सारली तरी तिच्यातलं अर्धं वाक्य जिथल्या तिथं थांबून राहायचं, याचं मला फार नवल वाटे. जाताना आपली खिडकी बंद करा म्हटलं, तर काका म्हणत, "माजं का म्हणून? त्येचं कर की." आबांचंही तेच. खिडकी बंद करणं म्हणजे हक्क सोडणं, अशी दोघांची समजूत! दोन्ही उघड्या ठेवल्यानं मशीन बैलगाडीच्या चालीनं चाले. एक अक्षर दाबावं आणि ते उमटेपर्यंत बाहेरच्या उन्हाकडं बघत बसावं.

आबा चहाला गेले की मी उगाच त्या दोन चौकटी शेजारी शेजारी लावून ठेवत असे. मला काका हवे होते. लहानपणी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी कळंब्याचा तलाव बघितला होता. आता तेच काका प्लायवूडपलीकडं नुसते खोकायचे.

एका दुपारी मशीन अडकलं. मेमरी संपली आहे, एक खिडकी बंद करा, असं स्क्रीनवर आलं. सेव्ह करायलासुद्धा जागा उरली नव्हती. पुढं आबांची एका शाळेची स्मरणिका, दोन दिवस बसून टाइप केलेली आणि सेव्ह करायची राहून गेलेली. मागं काकांचं गडमुडशिंगीच्या जत्रेचं पत्रक, तेही तसंच. पत्रक संध्याकाळी छापून द्यायचं होतं आणि काका कागद आणायला बाहेर गेले होते.

"आबा, दोनातलं एक जाणार," मी म्हटलं.

ते स्क्रीनकडं बघत राहिले. 

"माजं बंद कर."

"दोन दिवसांचं काम हाय की ते, आबा."

"असू दे. त्येची जत्रा हाय. कर म्हटलं न्हवं?"

मी केलं. त्यांची चौकट मिटली आणि मागून काकांचं पत्रक पुढं आलं. मी ते सेव्ह केलं. आबा उठले आणि बाहेर गेले. मला रडू येत होतं.

काका आले. आपली एकटीच खिडकी बघून चमकले.

"आबाचं कुठं गेलं?"

मी सांगितलं.  काका पत्रक छपाईला लावून परत आले, बाकड्यावर बसले आणि स्मरणिकेची हातानं लिहिलेली पानं पुढ्यात ओढली. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, त्यांनी आबांचं काम पहिल्या ओळीपासून टाइप करायला घेतलं. मी हात पुढं केला, तर मानेनंच नको म्हणाले.

थोड्या वेळानं आबा आले आणि त्यांच्या पाठीशी उभे राहिले. काकांनी वळून पाहिलं नाही. बोटं मात्र चुकायला लागली. 

"सरक वाईच," आबा म्हणाले.

काका बाकड्यावर सरकले.