साडेअकराचं मैदान

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, मखमलाबादच्या पुढे एका आंब्याच्या बागेत आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना सात-आठ गावकऱ्यांनी घेरले. काकांच्या हातात मोजणीची फीत होती, पायात काही नव्हते आणि पुढ्यात चुन्याच्या फक्कीची ताजी रेघ होती.

काका निवृत्त मोजणीदार. नाशकात कुत्र्याला मोकळं सोडता येईल अशी एकही जागा त्यांनी तपासल्यावाचून, आणि तपासून नापास केल्यावाचून, सोडलेली नाही. हे सगळं गुंठा नावाच्या तपकिरी कुत्र्यासाठी. पिल्लू असताना तो जेवढी जागा अडवून झोपायचा, त्यावरून हे नाव पडलं. ("एकर ठेवायला हवं होतं," असं काकू म्हणतात.) त्या रविवारच्या आदल्या उन्हाळ्यात तापलेल्या पेव्हर ब्लॉकवर गुंठ्याचे पंजे भाजले. जखमा भरल्या, पण जमिनीवरचा विश्वास गेला. घरातल्या फरशीवर तो फिरे, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबे. खाली नेऊन आणायचं ते उचलून. प्राण्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की कुत्रा असाच बसून राहिला तर मागचे पाय कायमचे जातील. त्याला पळू द्या, पट्ट्याशिवाय, मऊ आणि गार जमिनीवर. काकांनी ते सरकारी आदेशासारखं लिहून घेतलं आणि वहीत रकाने आखले: जमीन, सावली, पाणी, कुंपण, इतर कुत्री.

त्यांची पद्धत ठरलेली होती. जागेवर भर उन्हात जायचं, चपला काढायच्या आणि अनवाणी उभं राहून मोठ्याने आकडे मोजायचे. दहाच्या आत टाच उचलली गेली, की मैदान नापास. कॉलनीतलं क्रिकेटचं मैदान चारला पडलं. जॉगिंग ट्रॅक तीनला. गंगापूर रोडच्या एका बागेत ते तेरापर्यंत पोचले होते, पण तेवढ्यात रखवालदाराने पाटी दाखवली: कुत्र्यांना मनाई. "पाटी वाचली," काका त्याला म्हणाले, "पण हिरवळीवर शेंगांची टरफलं टाकणाऱ्यांना मनाई केल्याची पाटी कुठे दिसेना." पहाटेची वेळ का निवडत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. "पहाटे सगळीच मैदानं चांगली असतात," ते म्हणाले. "मैदानाची परीक्षा साडेअकराला." काकूंचं मत वेगळं होतं. "मला बघायला आले तेव्हा चहा संपायच्या आत होकार दिलात. कुत्र्याच्या मैदानाला दुसरा उन्हाळा लागलाय."

त्या रविवारी गाडी माझी होती. मागच्या सीटवर गुंठा, चारही पायांत काकूंनी शिवलेले जाड मोजे. रस्त्यावरून बाग दिसली तसे काका "थांबा" म्हणाले, उतरले, तारेच्या कुंपणाचं फाटक ढकलून आत गेले आणि अनवाणी मोजायला लागले. पंचवीसला ते थांबले, तेही कंटाळून. मग सावली कुठवर येते ते नक्की करण्यासाठी त्यांनी कडेने फक्की टाकली. ही चूक मोजणीदारच करू शकतो. त्या बाजूला नव्या रस्त्यासाठी जमिनी जाणार अशी चर्चा होती, आणि फीत घेतलेला माणूस फक्की टाकताना दिसला, की शिवारात निरोप द्यावा लागत नाही.

"ओ साहेब, मोजणी कुणी लावली?" एकाने विचारलं.

"कुणी नाही. मीच. सावलीची मोजणी आहे."

"सावलीची? आमाला येडं समजता का? रस्ता कुठून चाललाय ते सांगा आधी."

गर्दीतून बागेची मालकीण पुढे आली. साठीची बाई, हातात विळा. काकांनी वही उघडून दाखवली. तिने वहीकडे पाहिलं नाही. काका गाडीपाशी गेले, दार उघडलं आणि म्हणाले, "मावशी, हा बघा अर्जदार." मोजे घातलेला कुत्रा पाहून आधी दोघं हसले, मग सगळेच.

"पाय टेकत नाय का त्यो?" तिने विचारलं.

"वर्षापूर्वी भाजले. तेव्हापासून नाही."

"मंग उन्हात काय उभं केलंय? आत घ्या की."

काकांनी गुंठ्याला उचलून आंब्याखाली ठेवलं आणि मोजे काढले. तो तसाच बसून राहिला. तेवढ्यात मालकिणीने दुसरा मुद्दा काढला: तिचा आणि दिराचा बांधावरून नऊ वर्षं अबोला होता. "कुत्र्यासाठी मोजता, आमचा बांध मोजा की."

"मोजतो. पण कागद सरकारी नसेल."

"कागद कुणाला पायजे? त्यो लय हट्टी हाय, पण आकड्याला मान देतो."

दीर गर्दीतच होता. त्याने पुढे येऊन फितीचं दुसरं टोक धरलं. पाऊण तासाने बांध दीड हाताने सरकला, तोही दिराच्या फायद्याचा. मालकिणीने ते मान्य केलं आणि दर रविवारी फाटक उघडं ठेवण्याचं कबूल केलं. बदल्यात काकांनी फक्की पुसायची होती. ते वाकून पुसत असताना कुणीतरी ओरडलं, "ओ साहेब, अर्जदार निघाला!" गुंठा बागेच्या दुसऱ्या टोकाला पोचला होता. कुंपणापाशी वळून तो तसाच धावत परत आला, काकांना ओलांडून गेला, पुन्हा वळला. बारा आंब्यांची रांग त्याने चार वेळा पार केली. काकांनी त्याला हाक मारली नाही. ते फक्कीवर बसले होते आणि चष्मा पुसत होते.

या उन्हाळ्यात गुंठा अकरा वर्षांचा झाला. आता तो सगळी रांग धावत नाही. काका त्याच्या बरोबरीने चालतात, फीत घरी असते. गेल्या रविवारी, साडेअकराला, गुंठा तिसऱ्या आंब्यापर्यंत पळत गेला आणि चालत परत आला.