आमच्या साडूंचा कोतवाल

जालना जिल्ह्यात कुजबुजता न येणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे साडू जालन्याच्या मस्तगडातल्या आपल्या घरात 'मीठ द्या' म्हणाले की शेजारपाजारच्या बायका मिठाच्या बरण्या चाचपतात. ते मयताला गेले की सांत्वन एका घराचं न होता सबंध गल्लीचं होतं. एका सोयरिकीच्या बैठकीत त्यांनी शेजारच्या माणसाच्या कानाशी लागून 'पोरगा जरा बुटका वाटतो' एवढंच म्हटलं. अंगणात थांबलेला पोरगा टाचा उंचावूनच आत आला. घनसावंगीच्या तहसील कचेरीत ते अव्वल कारकून होते, तेव्हा खेड्यापाड्यातल्या लोकांना समजावून सांगता सांगता घसा असा रुंदावला असेल, अशी आम्ही आपली समजूत करून घेतली होती. त्या कचेरीतला एक म्हातारा शिपाई मला एकदा अंबडच्या स्टँडवर भेटला, साडूंचा विषय निघाला आणि म्हणाला, "भाऊसाहेब का? लई हळू बोलायचे. टेबलावर वाकल्याबिगर समजायचं न्हाई." मला वाटलं, म्हातारा भलत्याच भाऊसाहेबांबद्दल बोलतोय.

निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात किंवा शेजाऱ्याच्या बांधाला. साडू होम थिएटरला लागले. घराच्या मागच्या खोलीत मोठा टीव्ही, चारी कोपऱ्यांत चार स्पीकर, टीव्हीखाली मधोमध एक आडवा स्पीकर आणि जमिनीवर घुमणारा एक खोका. भिंतींना त्यांनी घरातल्या सगळ्या वाकळी खिळे ठोकून टांगल्या. "आवाज भिंतीवर आपटून माघारी येतो," ते ओरडून सांगत, "मंग शब्द भरडा निघतो. वाकळीत तो झोपून जातो." त्या हिवाळ्यात पाहुणे सतरंजीवर कुडकुडले आणि भिंती ऊबदार राहिल्या. घुमणारा खोका बराबर चालतोय का हे पाहायला त्याच्यावर ताटली ठेवून साबुदाणा पसरत. दाणे एका लयीत उडाले तर खोका पास. संध्याकाळी त्याचीच खिचडी होई आणि साडू वाढताना सांगत, "खा खा, लई नाचलेला साबुदाणा हाय."

पण त्यांची खरी खोड म्हणजे पंचनामा. जन्मभर गारपिटीचे आणि जळालेल्या कडब्याच्या गंज्यांचे पंचनामे केलेला माणूस. घरात एखादी तार बदलली तरी पंच बोलावल्याशिवाय ती बदलली असं मानायचा नाही. गल्लीतून जाणारा येणारा कुणीही धरून आणत, आणि मी अंबडहून गेलेलो असलो की एका पंचाची जागा माझी ठरलेली. आम्ही दोघं टीव्हीसमोर बसायचो. सिनेमातली माणसं बोलायची. आवाज कसा आहे, घुमतो का, गोड आहे का, यातलं साडू काहीएक विचारत नसत. एकच सवाल: "शब्द कळला का?" कळला म्हटलं की चहा. पंच जरा अडखळला की साडूंचा चेहरा पीक गेल्यासारखा होई.

यंदा त्यांनी हट्टच धरला. मधल्या आडव्या स्पीकरला, म्हणजे ज्यातून संवाद येतात त्याला, जोर कमी पडतो. तर त्याला वेगळा अँप्लिफायर जोडायचा. तो आणला, तर आवाज वाटून देणाऱ्या जुन्या रिसिव्हरला बाहेरचा अँप्लिफायर जोडायची भोकंच नाहीत. म्हणजे बैल घेतला आणि जू बसेना. दुसरा कुणी असता तर त्यानं बैल परत केला असता. साडूंनी गाडीच बदलायची ठरवली. पोरगी पुण्याहून फोनवर "बाबा, कशाला उगीच खर्च?" म्हणत राहिली, माझी बायको मला "तुम्ही तरी सांगा" म्हणत राहिली, आणि नवा रिसिव्हर घरात आला. मी रिसिव्हर आणि अँप्लिफायर यांतला फरक विचारला, तेव्हा त्यांनी मला तहसील कचेरीच्या भाषेत समजावलं. "रिसिव्हर म्हणजे तहसीलदार. कोणता आवाज कुठं जायचा, ते हुकूम त्याचे. पण तहसीलदार कधी गावात दवंडी देतो का? दवंडी देतो कोतवाल. हा अँप्लिफायर आपला कोतवाल. मला तगडा कोतवाल पाहिजे, साडूभाऊ. बिलकुल तगडा."

इथं मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, आणि ते मला जमत नाही. अंबडच्या कोर्टात नोकरी करतो. दिवसभर दुसऱ्यांच्या जबान्या ऐकतो, स्वतःची कधी दिली नाही. घरीदारी मुका माणूस म्हणूनच माझी ओळख. फक्त सासरच्या कार्यात मला वाचा फुटते, कारण तिथं मी साडूंची नक्कल करतो. तो आवाज, ते 'मीठ द्या', तो पंचनामा. लोक पोट धरून हसतात. अक्का, म्हणजे साडूंच्या मालकीण, त्याही हसायच्या, सगळ्यांच्या जराशा मागून. एका बारशाला नक्कल रंगात आली असताना दारात साडू उभे दिसले. ते चपला घालून बाहेर गेले. मला ते फार लागलं. पुढच्या खेपेला मी अक्कांच्या कोपऱ्यात जाऊन बसलो. घरातलं कुणाचंही गाऱ्हाणं तिथंच जाई. अक्का मान हलवत ऐकून घेत आणि जाणारा हलका होऊन जाई. मी मान खाली घालून, खालच्या आवाजात सगळं सांगितलं, माझं चुकलं म्हणालो. अक्कांनी मान हलवली, धपाट्यांची ताटली माझ्याकडं सरकवली आणि म्हणाल्या, "खा निवांत." मी ती माफी समजलो. धपाट्याबरोबर ती पचवलीही, आणि पुढच्याच लग्नात पुन्हा नक्कल केली.

नव्या रिसिव्हरबरोबर एक छोटा माइक आला होता. ऐकणाऱ्याचा कान जिथं असतो तिथं तो ठेवायचा. मग यंत्र एकेका स्पीकरमधून चिर्रर्र आवाज सोडून अंदाज घेतं आणि आपलं आपण जुळवून घेतं. त्यासाठी शांतता हवी. साडूंनी पंखा बंद केला, खिडकीतून "गल्लीनं गप बसायचं!" असा हुकूम सोडला आणि गल्ली खरोखर गप बसली. मी माइक मधल्या खुर्चीच्या पाठीशी, त्यांच्या कानाच्या उंचीवर धरला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि कोपऱ्यात अक्का पाटावर बसून मेथी निवडत होत्या तिथं, त्यांच्या डोक्यालगत, एका डब्यावर डबा रचून वर ठेवला.

"भाऊसाहेब, ऐकणार तुम्ही. माइक तुमच्या जागी पाहिजे."

आणि साडू हळू बोलले. इतकी वर्षं ओळखतो, पण तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मऊ, जवळजवळ लाजरा. "मला काय करायचंय त्याचं? मला पल्याडच्या गल्लीतली कडी वाजलेली ऐकू येती. हिलाच येत न्हाई. कैक वर्षं झाले."

अक्का हातभर अंतरावर होत्या. त्यांनी मेथीची काडी मोडली, पानं टोपलीत टाकली. मान वर केली नाही.

"कानाचं मशीन आणून दिलतं," साडू त्याच मऊ आवाजात म्हणाले. "डबीत ठेवलंय. म्हणती, कानात भांडी पडल्यावानी होतं; अन् भावकीत कळलं तर बहिरी म्हणतील. म्हणलं, नको घालू. माणसाच्या तोंडाकडं बघून वळखती ती. पण टीव्हीतली माणसं तोंड फिरवून बोलतेत ना, तिथं अडती. अन् मला लोक येडा म्हणतेत तर म्हणू द्या की. येड्याच्या घरात मोठा आवाज शोभून दिसतो."

यंत्राची चिर्रर्र संपली. साडूंनी मधला स्पीकर आणखी थोडा चढवला, आणि पुण्याहून नातीचा जो व्हिडिओ आला होता तो टीव्हीवर लावला. फोनवर अक्कांनी तो नुसता पाहिलेला. त्यात पोर पाठमोरी बसून भातुकली मांडत होती. ओठ दिसतच नव्हते. कोतवालानं दवंडी दिली: "आजी, आजोबा एवढे ओरडून का बोलतात गं?"

अक्कांचा हात मेथीत थांबला. त्या वळल्या. "अहो, पोरगी इचारून राह्यली, तुम्ही वरडून कामून बोलता."

साडूंनी भिंतीवरच्या वाकळीच्या टोकाला डोळे पुसले. "खुशी माझी!" ते गरजले. "सांग तिला!"

मला मात्र ती धपाट्यांची ताटली आठवली. म्हणजे माफी झालीच नव्हती. गुन्हा ऐकला गेलाच नव्हता. आणि आता तो पुन्हा सांगायचा तर या घरात हळू सांगायची सोय नाही. अक्कांना सांगायचा तर शेजारी बसलेल्या साडूंना ऐकू जाणार. मी उठलो. गुपचूप अंबडची गाडी धरावी, असंही मनात आलं. मग अक्कांच्या समोर जाऊन बसलो आणि ओरडलो, "अक्का, माझं चुकलं! मी भाऊसाहेबांची नक्कल करतो! सगळ्यांसमोर! तुम्हाला मागं सांगितलं होतं, पण हळू!"

अक्का माझ्याकडं बघत राहिल्या. "यांची? अगं बया! मला वाटायचं, आमच्या वडलांची, आप्पांची करतेत." मग टोपली बाजूला सारून म्हणाल्या, "करून दाखवा, पाव्हणे."

मी साडूंकडं पाहिलं. त्यांनी पंचासारखी मान डोलावली. मी उभा राहून, छाती भरून, "मीठ द्या!" म्हणालो. या खेपेला सगळ्यांत आधी अक्का हसल्या.

"शब्द कळला का?" साडूंनी विचारलं.

"कळला की," अक्का म्हणाल्या. "तुमच्याइतका जोर न्हाई."

हे लिहू का, असं मी नंतर अक्कांना विचारलं, अर्थात मोठ्यानं. म्हणाल्या, "लिव्हा. बहिरी लिव्हा, माझी हरकत न्हाई आता. पण नुसती बसलेली नका लिव्हू, मेथी निवडताना लिव्हा." लिहिलं आहे.

निघताना साडू मला पायरीपर्यंत सोडायला आले. आत टीव्हीवर पोर पुन्हा तेच विचारत होती. अक्कांनी व्हिडिओ परत लावला होता. मी दारातही सवयीनं ओरडूनच "येतो" म्हणालो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"इथं हळू बोला, साडूभाऊ," ते त्या मऊ आवाजात म्हणाले. "बारशात तुम्ही नक्कल करत होते ना, तवा मी राग धरून न्हवतो गेलो. माझा आवाज बाहेरून असा ऐकू येतो, हे मलाच म्हाईत न्हवतं." मग म्हणाले, "येत जा मधून मधून. हळू बोलायला मलाबी कुणीतरी लागतंच की."

तेव्हापासून मी जालन्याला गेलो की आत ओरडून बोलतो, आणि मग आम्ही दोघं साडू पायरीवर येऊन बसतो. फारसं काही बोलत नाही. पण जे बोलतो ते इतकं हळू की एकमेकांकडं वाकावं लागतं.