टाचेखालची पाचर

निजामाच्या अमलात पूर्णा स्टेशनसमोर माझं बुटांचं दुकान होतं. दाराला काच, आत हैदराबादेहून आणलेले सागवानी फर्मे. आणि तो, एक साधा मोची, समोरच्या कडुलिंबाखाली गोणपाटावर बसायचा. तरी रेल्वेतले हॉकी खेळणारे गडी बूट माझ्याकडून शिवून घ्यायचे आणि ते पायाला नीट बसवून घ्यायला त्याच्याकडे जायचे. माझ्याच दारावरून!

पाय तो कधी बघायचाच नाही. "चाला. बोलू नका, मी ऐकायलोय," म्हणायचा आणि डोळे मिटायचा. गडी चार पावलं चालला की बुटात, टाचेखाली, चामड्याची पातळ पाचर सरकवायचा. "आता पळून दावा." गडी पळायचा आणि "पाय लय सरळ पडायलाय!" असं मलाच ओरडून सांगायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा माझ्याकडचा मेणाचा दोरा संपला, म्हणून नाइलाजाने त्याच्याकडे गेलो. त्याने मानसुद्धा वर केली नाही.

"मालक, डावी टाच लय दिवसांपासून दुखायलीय ना?"

"मला दोरा पायजे," मी म्हणालो.

पाठ फिरवून तो बराच वेळ दोरा गुंडाळत बसला. मी दुकानात येऊन दोऱ्याची गुंडी सोडली, तर आत चामड्याची पाचर. माझ्या टाचेच्या मापाची.

चार दिवस तिच्याकडे बघितलं नाही. पाचव्या दिवशी बुटात घातली आणि दुखणं गेलं. पण त्या झाडासमोरून जाताना मी मुद्दाम लंगडत राहिलो, चांगलं वर्षभर. दर वेळी तो हातातली आरी थांबवायचा, डोळे मिटायचा आणि गालातल्या गालात हसायचा.