रिमोट एकलहऱ्याला गेला तेव्हा

सावळीराम बोराडे यांनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं नोकरी केली, पण बॉयलरपाशी ते फारसे कधी गेले नाहीत. ते कंट्रोल रूममध्ये असत. बॉयलर, पंखे, पंप, कोळशाचे पट्टे, सगळं त्यांनी खुर्चीत बसून समोरच्या बटणांवर चालवलं. "जवळ गेलं की नुसता आवाज ऐकू येतो," ते म्हणायचे. "लांबून बघितलं की काय चाललंय ते कळतं."

निवृत्तीनंतर ते जेल रोडला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. त्यांच्या आणि आमच्या गॅलरीच्या मध्ये एका विटेची भिंत आहे. कामावरच्या दोन सवयी त्यांनी सोबत आणल्या होत्या. एक, वहीत वेळ टाकून नोंद करायची. दुसरी, कुणी काही सांगितलं की ते मोठ्यानं परत म्हणून दाखवायचं. कंट्रोल रूममध्ये फोनवरची सूचना अशी उलट म्हटल्याशिवाय ऐकली असं धरतच नसत. भाजीवालीनं "मेथी संपली" म्हटलं की काका "मेथी संपली" म्हणत आणि मगच पुढे जात. नव्या भाजीवाल्यांना सुरुवातीला ती चेष्टा वाटायची.

त्यांच्या पत्नी, सिंधुकाकू, त्यांच्याशी चार वर्षं बोलत नव्हत्या.

कारण निरोपसमारंभाचं. काकांनी अकरा मिनिटं भाषण केलं. साहेबांचे आभार मानले. टर्बाइनचे मानले. ज्यानं ऐन उन्हाळ्यात कधी दगा दिला नाही त्या पाण्याच्या पंपाचे तर दोनदा मानले. कँटीनच्या भज्यांचाही उल्लेख झाला. पहिल्या रांगेत नवी साडी नेसून काकू बसल्या होत्या. तीन पाळ्यांचे डबे त्यांनी एकतीस वर्षं भरले होते. त्यांचं नाव भाषणात आलं नाही. घरी आल्यावर चपला काढता काढता त्या म्हणाल्या, "आता जेवायला त्या पंपाकडं मागा."

जेवण मिळत राहिलं. बोलणं थांबलं.

"तुम्ही एकदा चुकलं म्हणायचं ना, काका," मी एकदा म्हटलं होतं.

"म्हणणारच होतो. पण सुरुवात कुठून करावी ते तिला विचारावं लागलं असतं. आणि ती तर बोलत नव्हती."

माणसांमार्फत निरोप चालत नसत. काकूंनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "त्यांचा निरोप घेऊन आलीस तर या घरात चहा मिळायचा नाय."

मग पुण्याहून त्यांच्या मुलीनं, उज्वलाताईनं, मोठा टीव्ही पाठवला आणि सिनेमे-मालिका दाखवणारं एक ॲप बापाच्या फोनवर घालून दिलं. फोनच्या कोपऱ्यात एक छोटं बटण होतं. ते दाबलं की फोनवरचं चित्र थेट हॉलमधल्या टीव्हीवर जायचं. काका गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे, काकू हॉलमधल्या सोफ्यावर. मध्ये एक भिंत आणि स्वयंपाकघर. संध्याकाळी साडेसातला काका बटण दाबायचे. त्यांना पुन्हा कंट्रोल रूम मिळाली.

सुरुवातीला ते नुसती मालिका पाठवायचे. हळूहळू त्यात बोलणं शिरलं. उद्या दूधवाला येणार नाही हे कळवायचं असलं की स्वित्झर्लंडच्या गाईंचा माहितीपट जायचा. सकाळी काकू न सांगता कोरा चहा करायच्या. पाण्याची टाकी रिकामी असली की वाळवंट. काकूंची बहीण राहायला येणार असं कळलं, त्या संध्याकाळी काकांनी टोळधाडीवरचा कार्यक्रम लावला.

काकूंकडे रिमोट असायचा. त्यावर त्या तीन-चारच बटणं वापरायच्या. आवाज वाढवला म्हणजे हो. चित्र मध्येच थांबवलं म्हणजे नाही. बंद केलं म्हणजे विषय संपला. एकदा फारच राग आला तेव्हा त्यांनी खालची अक्षरं स्पॅनिशमध्ये केली होती. ती कशी केली हे त्यांना स्वतःलाही सांगता येईना, आणि आठवडाभर कुणालाच काढता आली नाहीत. टोळधाड मात्र त्यांनी शेवटपर्यंत, पूर्ण आवाजात पाहिली. बहिणीबद्दल त्यांचंही तेच मत होतं.

काकांच्या वहीत हे सगळं असायचं. "१९.३० – मालिका पाठवली. १९.४२ – पलीकडून थांबवली. कारण समजले नाही. १९.५० – पुन्हा चालू. स्थिती सामान्य."

आणि एका सोमवारी ते बटण फोनवरून गेलं.

काकांनी फोन बंद करून चालू केला, चष्मा पुसला, मग दुसरा चष्मा लावला. वहीत लिहिलं, "१९.३० – बटण नाही." मंगळवारी सकाळी मी त्यांच्याच गॅलरीत होते, तेव्हा त्यांनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"सर, ती सोय आता बंद केली आहे," पलीकडची मुलगी म्हणाली. "आपल्या टीव्हीला रिमोट आहे का?"

"टीव्हीला रिमोट आहे."

"मग रिमोटनं टीव्हीवरच ॲप उघडायचं, सर. ज्यांना स्वतःचा रिमोट आहे त्या टीव्हींवर आता फोनवरून पाठवता येणार नाही. रिमोट नसलेल्या काही जुन्या उपकरणांवर फक्त चालू आहे."

"रिमोट नसलेल्यांवर चालू आहे," काका म्हणाले. "पण माझा रिमोट माझ्याकडे नसतो."

"मग कुणाकडे असतो?"

"घरात असतो."

"मग घरातल्यांना सांगा ना, सर."

काकांनी फोन तोंडाजवळ नेला. "ताई," ते म्हणाले, "तेच तर मी तुमच्याकडून करून घेत होतो."

बुधवारी सकाळी काकूंनी मला हाक मारली. त्या मेथी निवडत होत्या, पण काड्या आणि पानं एकाच ताटात चालली होती.

"सोमवारपासून एक शब्द नाय," त्या म्हणाल्या.

"काकू, तुम्ही तर चार वर्षं..."

"तेव्हा मी बोलत नव्हते. आता ते बोलत नाहीत. फरक हाय पोरी."

मी ॲपची गोष्ट सांगितली. कंपनीनं ती सोयच काढली, सगळ्यांचीच काढली, असं समजावलं. काकूंनी ऐकून घेतलं.

"परदेशातली कंपनी. तिला काय माहीत जेल रोडला कोण कुणाला काय पाठवतं? कुणीतरी कळवल्याशिवाय काढतील का?"

"काकांनी कळवलं असं म्हणायचंय तुम्हाला?"

"दुसरं कोण हाय त्यांच्याकडं नंबर फिरवणारं? काल सकाळीच लावला होता ना फोन? ऐकला मी." त्यांनी मेथीची एक काडी मोडली. "माणूस कंटाळला असंल. मग कंटाळलो म्हणायचं. उज्वलाकडं जाईन मी. तिथं नातवंडं सारखी बोलतात, कान किटतात."

मी हे काकांना जाऊन सांगितलं. निरोप म्हणून नाही, बातमी म्हणून. काका अस्वस्थ झाले, पण त्यांच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू होतं.

"हा टेक्निकल फॉल्ट आहे," ते म्हणाले. "फॉल्ट निघाला की तीसुद्धा ठीक होईल. रिमोट असलेल्या टीव्हीवर चालत नाही. म्हणजे काय करायला पाहिजे?"

"काय?"

"टीव्ही रिमोटपासून वेगळा करायचा. पंपाचं काम काढलं की आम्ही आधी त्याची लाइन तोडून लाल पाटी लावायचो. तसंच."

"काका, ते तसं नसतं हो."

"तू कॉलेजात मराठी शिकलीस, मशीन नाही," ते म्हणाले. आवाजात आपुलकी होती, त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही.

दुपारी काकू गिरणीत दळण टाकायला गेल्या. काकांनी रिमोट उचलला, त्याला लाल पुठ्ठ्याची पाटी बांधली, तिच्यावर 'काम चालू आहे, हात लावू नये' असं लिहिलं आणि तो जेवणाच्या स्टीलच्या डब्यात बंद केला. स्टीलमधून काही बाहेर जात नाही, असा त्यांचा हिशेब. मग स्कूटर काढून ते एकलहऱ्याला गेले. तिथल्या वसाहतीत त्यांचे जुने सहकारी कारभारीकाका अजून राहतात. डबा त्यांच्याकडे देऊन काका परत आले आणि गॅलरीत फोन उघडून बसले. बटण आलं नव्हतं. भिंतीपलीकडून त्यांचा फोन मला स्पष्ट ऐकू आला. स्पीकर अजून चालूच होता.

"कारभारी, डबा आणखी लांब ने."

"आणखी किती लांब? मी आता चिमणीच्या पलीकडं आलोय. समोर राखेचा बंधारा हाय."

"समोर राखेचा बंधारा आहे. त्याच्याही पुढे ने. टीव्ही विसरेल इतकं लांब."

"टीव्ही विसरत नसतो, सावळ्या," कारभारीकाका म्हणाले. ते निरोपसमारंभाला दुसऱ्या रांगेत होते. "विसरायचं काम तुझं."

हे मात्र काकांनी उलट म्हणून दाखवलं नाही.

काकू पीठ घेऊन आल्या आणि त्यांना रिमोट दिसला नाही. त्यांनी सोफ्याच्या उशा काढल्या, फ्रीजवर पाहिलं, पिठाच्या डब्यातही पाहिलं. मग त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हाताला पीठ होतं.

"स्वतः बोलायचं थांबले ते थांबले, माझं बोलणंसुद्धा उचलून नेलं. मी कधी त्यांची वही लपवली का?" त्या घरात गेल्या आणि पिशवी भरायला लागल्या. उद्याची साडेदहाची पुण्याची बस, असं त्यांनी उज्वलाताईला कळवूनही टाकलं.

मी पुन्हा बातमी द्यायला गेले. या वेळी काकांनी ती शब्दशः उलट म्हटली. "साडेदहाची बस. पिशवी भरली. रिमोट नेला म्हणून." तिसरं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. मग वही मिटली.

गुरुवारी सकाळी सातलाच स्कूटर गेली. साडेनऊला परत आली, तेव्हा मी काकूंची पिशवी खाली न्यायला म्हणून त्यांच्या दारात उभी होते. काका डबा घेऊन आत आले आणि हॉलमध्ये थांबले. ही साधी गोष्ट नव्हती. चार वर्षं ते हॉलमधून जात होते, थांबत नव्हते. त्यांनी डबा उघडला, पाटी सोडली आणि टीव्हीकडे तोंड करून रिमोटवरचं ॲपचं बटण दाबलं. काकू सोफ्यावर बसल्या होत्या, साडीला पिन लावून, पर्स मांडीवर धरून. काकांची त्यांच्याकडे पाठ होती.

पडद्यावर प्रश्न आला, 'कोण बघतंय?'

आजवर सगळं फोनवरून जायचं, त्यामुळे टीव्हीनं हे कधी विचारलंच नव्हतं. प्रश्नाखाली दोन चौकोन होते. एकात उज्वला, दुसऱ्यात बाबा. रोज संध्याकाळी जी बाई त्या टीव्हीसमोर बसत होती, तिचा चौकोन नव्हता. तिसऱ्या जागी नुसतं अधिकचं चिन्ह होतं.

काका त्या चिन्हाकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी ते दाबलं. नाव टाका, असं आलं. खाली इंग्रजी अक्षरांच्या ओळी उघडल्या आणि एक निळा चौकोन पहिल्या अक्षरावर उभा राहिला. काकांनी बाणाचं बटण दाबलं. चौकोन भलतीकडेच गेला. एकतीस वर्षं बटणं दाबलेला माणूस, पण हे बोटाएवढे बाण त्यांना जमेनात. त्यांनी पुन्हा दाबलं. चौकोन आणखी लांब गेला. घड्याळात पावणेदहा झाले होते.

"डावीकडं," मागून आवाज आला.

काकांनी वळून पाहिलं नाही. "डावीकडे," ते म्हणाले, आणि चौकोन डावीकडे नेला.

"अजून एक."

"अजून एक."

"खाली. आता दाबा."

"खाली. दाबलं."

पहिलं अक्षर उमटलं. मी पिशवी खाली ठेवली. त्या दोघांनी एका-एका अक्षराला तीन-तीन मिनिटं घेतली. एकदा काकू म्हणाल्या, "तिकडं नाय, पंपाकडं चालले का?" आणि काकांनी सवयीनं ते वाक्यही पूर्ण उलट म्हणून दाखवलं. काकूंच्या पर्सची चेन वाजली. मला वाटतं त्या हसल्या असाव्यात, पण मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता आणि काकांना तर नाहीच.

दहा वाजून पाच मिनिटांनी पडद्यावर तिसरा चौकोन तयार झाला. त्यात सिंधु असं लिहिलेलं होतं. ॲपनं आपल्या मनानं शेजारी एका पांडाचं चित्र टाकलं होतं. काकूंनी ते निरखून पाहिलं. तक्रार केली नाही.

मग त्या उठल्या. मला वाटलं पिशवी आत जाईल. काकांनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांनी पिशवीला हात घातला होता.

"ठेवा ती तिथंच," काकू म्हणाल्या. "पोरगी स्टँडवर घ्यायला येणार हाय. आठ दिवसांनी येते." त्यांनी काकांच्या हातातून रिमोट काढून घेतला, लाल पाटीसकट पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.

"आणि टीव्ही?" काकांनी विचारलं. चार वर्षांत त्यांनी काकूंना तोंडानं विचारलेला तो पहिला प्रश्न.

"फोन हाय ना तुमच्याकडं," काकू म्हणाल्या, आणि जिना उतरायला लागल्या.

त्या संध्याकाळी मी गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होते. साडेसात वाजले. पलीकडे खुर्ची सरकली, आणि काकांचा आवाज आला. स्पीकर बंद होता, मला फक्त त्यांची बाजू ऐकू येत होती. पण काका फोनवर होते म्हटल्यावर दोन्ही बाजू ऐकू आल्यासारख्याच होत्या.

"बस वेळेवर पोचली," काका म्हणाले. मग, "नातवानं पांडा बघायला मागितला." मग, "डाळ फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात." मग, "मेथी आजच करून टाकायची."

मग खुर्ची पुन्हा सरकली. मी चिमटे गोळा करायचं थांबले.

"भाषणात तुझं नाव विसरलो," काका म्हणाले.

रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

"आवाज वाढवा," काकांनी उलट म्हणून दाखवलं, आणि घसा साफ करून तेच वाक्य त्यांनी पुन्हा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं.