ओट्यावरची दहा मिनिटं

माझ्या घरासमोर मैदान आहे. बजाजनगरातल्या कंपन्यांचे कामगार स्पर्धेच्या दिवसांत दर रविवारी सकाळी तिथं फुटबॉल खेळतात. अर्धं गवत, अर्धी माती, आणि कडेला माझ्या फाटकाबाहेरचा सिमेंटचा ओटा. ओटा नवऱ्यानं बांधला होता. तो गेल्यापासून त्यावर मी एकटीच बसते. खेळाची आवड म्हणून नाही. घरात भिंती बघण्यापेक्षा पळणारी माणसं बघितलेली बरी.

मुलगा चितेगावला असतो. इथून तासाभराचा रस्ता आहे. बापाच्या तेराव्यानंतर त्यानं या घरात पाऊल टाकलेलं नाही. त्याला बाहेर मीच काढलं होतं. त्याबद्दल पुढं लिहिते, कारण मला ते या मैदानामुळंच नीट कळलं.

मी चौथी शिकले. फुटबॉलचे नियम बघून बघून समजले. रेफरी म्हणजे नवऱ्याच्या कंपनीतले निवृत्त फिटर. गुडघे दुखतात तरी शिट्टी घेऊन पळतात. पोरं त्यांना आईबहिणीवरून शिव्या द्यायची. ते पिवळं कार्ड दाखवायचे, आणि शिवी देणारा हसत पुन्हा खेळायला लागायचा. फारच झालं तर लाल कार्ड. मग तो त्या दिवसापुरता गेला. गेल्या वर्षी एका गोलकीपरला लाल दाखवलं. त्यानं हातमोजे माझ्या ओट्यावर आपटले, मोटारसायकल काढली, तो पुन्हा मैदानावर दिसलाच नाही. मोजे मी महिनाभर ठेवले. मग त्याच मोज्यांनी शेगडी पुसली.

यंदा स्पर्धा सुरू व्हायच्या आधी फिटर माझ्याकडं आले.

"वहिनी, रविवारी तुमचा ओटा लागंल."

"कशाला?"

"नवा नियम करतोय. जो शिवी देईल त्यानं दहा मिनिटं ओट्यावर बसायचं. त्याच्या टीमनं तेवढा वेळ दहा जणांत खेळायचं. दहा मिनिटं झाली की हा परत आत."

"एवढं कशाला? घरी पाठवून द्या की."

"घरी पाठवलेला परत येत नाय, वहिनी."

त्यांना माझ्या घरातलं सगळं माहीत आहे. टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नाही. पण मला तो लागला.

पहिल्याच रविवारी एक उंच स्ट्रायकर ओट्यावर आला. प्रेस शॉपमध्ये पत्रे दाबायच्या कामाला, तोंडाचा फाटका. बसल्यावरही त्याचं तोंड चालूच होतं.

"इथं शिव्या नकोत," मी म्हटलं. "ओटा माझा आहे."

"आज्जी, ऑफसाइड नव्हता ओ तो. आंधळं हाय ते म्हातारं."

"म्हातारं मी पण आहे. गप बस."

तो बसला. आणि त्याच्या डोळ्यांदेखत समोरच्यांनी गोल केला. त्याची जागा रिकामी होती, तिथूनच बॉल आला. त्यानं डोकं हातात धरलं.

"माझ्यामुळं झाला ना आज्जी?"

"व्हय."

मी खोटं कशाला बोलू? त्याला तांब्याभर पाणी दिलं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?" मी म्हटलं, "मी असते." तेवढ्यात शिट्टी वाजली आणि तो पळाला. त्या दिवशी त्याच्या तोंडून पुन्हा शिवी निघाली नाही.

मग मी रविवारची वाट बघायला लागले. खरं सांगायचं तर कुणीतरी शिवी द्यावी याची वाट बघायला लागले. सगळे नीट खेळले की ओट्यावर कुणी येत नसे. अशा दिवशी पाण्याचा भरलेला तांब्या तसाच परत आत न्यावा लागायचा.

तेव्हा मला माझं बाजूला बसणं आठवलं. माझं सासर कन्नडजवळ खेड्यात. तिथं पाळी आली की बाईनं मागच्या पडवीत बसायचं. वेगळं ताट, वेगळं घोंगडं, पाणी वरून ओतायचं. ती पद्धत वाईटच. इथं स्वतःचं घर झाल्यावर मी ती मोडली. पण तिच्यात एक गोष्ट होती. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की बाई सरळ चुलीपाशी. कुणी बोलवायला यावं लागत नसे, कुणाची माफी मागावी लागत नसे. बाहेर बसतानाच आत कधी यायचं ते ठरलेलं असायचं.

मुलाला बाहेर काढताना मी ते ठरवलं नाही. बाप आजारी होता, मऊ भात मागत होता. मुलगा पहिल्या शिफ्टवरून दुपारी दमून आलेला. त्यानं बापासमोरचं ताट पायानं सरकवलं आणि म्हणाला, "रोजची कटकट." मी म्हटलं, "ऊठ. घराबाहेर हो." मला वाटलं, मैदानाला दोन चकरा मारील, डोकं थंड होईल, जेवायला येईल. मी त्याचं ताट झाकून ठेवलं. तो आला नाही. आठवड्यानं मी गिरणीत गेलेली असताना कपडे घेऊन गेला. बाप गेला तेव्हा आला, सगळं केलं, पुरुषांत बसला आणि निघून गेला. मी थांब म्हटलं नाही. त्यानं विचारलं नाही. याला सहा वर्षं झाली.

स्पर्धा संपल्यावर नियम ठेवायचा की नाही यावर ओट्यापाशीच बैठक झाली. एकजण म्हणाला, "दहा मिनिटं म्हणजे आरामच की. दमलं की शिवी द्यायची अन् आज्जीचं पाणी पिऊन यायचं." हे खोटं नव्हतं. एकानं तसं केलं होतं, त्याच्या धापेवरूनच मला कळलं होतं. फिटर म्हणाले, "दुसऱ्यांदा आराम नाय, थेट घरी." स्ट्रायकर म्हणाला, "बंदच करा. सगळ्यांसमोर बसायची लई लाज वाटते."

"तुला वाटते का?" फिटरनी विचारलं. "मग नियम बराय."

सगळे हसले. मग ते माझ्याकडं वळले. "वहिनी, ओटा तुमचा. तुम्ही काय म्हणता?"

"ठेवा," मी म्हटलं. "लाज वाटून परत आलेला माणूस कामाचा असतो. पण बाहेर बसवताना कधीपर्यंत ते सांगत जा. तोंडानं सांगा. समोरच्याला कळलंच असेल असं धरू नका."

नियम राहिला. ते पांगले. मी आत जाऊन मुलाला फोन लावला. नंबर फिटरनी कधीचाच दिला होता.

"कोण?"

"मी."

मागं मशीनचा आवाज येत होता.

"संध्याकाळपर्यंतच म्हणायचं होतं मला," मी म्हटलं. "त्या दिवशी."

"आता सांगतीस व्हय?"

"आता सांगते."

"मी काय ताट उगाच नव्हतं सरकवलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "उगाचच सरकवलं."

"ये घरी."

"बघू."

"बघू नको. वार सांग."

मी फोन ठेवला नाही. शेवटी म्हणाला, पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार, त्या दिवशी सुट्टी आहे. मी कॅलेंडरवर पेननं गोल केला.

स्पर्धा संपल्यामुळं आता रविवारीही मैदान रिकामं असतं. मी ओट्यावर बसते. त्या रविवाराला अजून तीन आठवडे आहेत. येईल की नाही, माहीत नाही. वार मात्र त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलाय.