बारा इंचांत एक पीळ

सरकारी ऑफिसात फाइली साठतात, तशा रायफल क्लबात गोष्टी साठतात. फरक एवढाच, की मुदत संपली की फाइली 'वीड आउट' करता येतात. क्लबातल्या गोष्टींना मुदत नसते. दर रविवारी चहाबरोबर त्या पुन्हा पुट-अप होतात! रिटायर झाल्यावर आमच्या क्लबाचं सेक्रेटरीपद माझ्याकडे आलं. मी कधी बंदूक धरली नव्हती, पण नेमबाजांच्या त्या गर्दीत टायपिंग येणारा मी एकटाच होतो.

क्लब गुडगावच्या पलीकडे, अरवलीच्या उतारावर. नेम तिथे सगळ्यांचाच चुकतो, पण चुकण्याचं कारण प्रत्येकाने लोड करून ठेवलेलं असतं. वारा, चष्मा, बायको. याच क्रमाने!

*

सुभेदार शेडगे साताऱ्याकडचे. फौजेतून निवृत्त झाले आणि द्वारकेत आमच्याच सोसायटीत राहायला आले. मिशी अशी, की लिफ्टमध्ये ती आधी शिरते आणि मागून सुभेदार. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "साहेब, कुठली डिव्हिजन?"

"अपर डिव्हिजन," मी म्हणालो.

टाच वाजली. फौजेत टोपीशिवाय सॅल्यूट नसतो; डोक्यावर फौजी टोपी होतीच, त्यामुळे कडक सॅल्यूट आला. 'क्लार्क' हा पुढचा शब्द मी चहा येईपर्यंत राखून ठेवला.

सुभेदारांनी कप खाली ठेवला. "दिलेला सॅल्यूट परत घेता येत नाही, साहेब. पण यापुढे चौकशी पूर्ण झाल्याशिवाय हा हात वर जायचा नाही!"

गेलाही नाही. क्लबाच्या प्रेसिडेंटपुढेसुद्धा नाही.

*

प्रेसिडेंट म्हणजे चढ्ढासाहेब. धंदा मार्बलचा, त्यामुळे श्रद्धा वजनावर. एकदा त्यांनी क्लबाला परदेशी काडतुसांची पेटी भेट दिली. त्यातली गोळी नेहमीच्या गोळीपेक्षा चांगलीच जड होती.

"हल्की गोली हवा में पतंग हो जाती है जी. ये देखो, भारी माल!"

ती पेटी मिळाली सुभेदारांच्या मुलीला, ऋतुजाला. दिल्लीच्या टीममध्ये एकच जागा रिकामी होती आणि आमच्या क्लबातून तिथवर पोहोचेल अशी ही एकच मुलगी. स्वतःची रायफल घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून क्लबाची जुनी रायफल वापरायची. कॉलेज, रेंज आणि मेट्रो, एवढंच तिचं जग.

"बेटा, अब हल्की गोली बंद. क्लब की इज़्ज़त का सवाल है!" चढ्ढासाहेब म्हणाले. इज्जतसुद्धा ते किलोतच मोजत.

*

पहिल्याच रविवारी घोटाळा झाला. गोळी समोरून गोल असते, तर कागदावर भोकही गोल पडायला हवं. ऋतुजाची भोकं लांबट पडली, आणि तीसुद्धा जागा सोडून! गोळ्या चक्क आडव्या होऊन कागदातून जात होत्या.

टार्गेट बदलणारा रामफल हरियाणाचा. तो कागद घेऊन आला आणि सुभेदारांपुढे धरून म्हणाला, "साब, छोरी ने गोली मारी सै, अक चिट्ठी गेरी सै?"

खरंच, चिठ्ठी टाकावी तशी, टपालपेटीच्या फटीसारखी भोकं होती!

मग चौकशी बसली. त्याच पेटीतली गोळी चढ्ढासाहेबांनी स्वतःच्या नव्या रायफलीतून मारली. भोक गोल! म्हणजे गोळी निर्दोष. जुन्या रायफलीने याआधी वर्षानुवर्षं हलक्या गोळ्यांची गोल भोकं पाडली होती. म्हणजे रायफल निर्दोष. उरली ऋतुजा. सरकारी चौकशीचाही हाच नियम असतो: शेवटी जो उरतो, तो दोषी!

"पुढच्या रविवारी इथेच ट्रायल आहे," चढ्ढासाहेबांनी जाहीर केलं. "ऐसा ही चला, तो नाम वापस!"

*

त्या संध्याकाळी मी शेडग्यांकडे गेलो, तेव्हा घरात मोर्चेबांधणी चालू होती.

"पप्पा, मी ट्रिगर नाही झटकला. रायफल आणि गोळीचंच काहीतरी जमत नाहीये."

"खरा जवान हत्याराला बोल लावत नाही," सुभेदार म्हणाले. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

"आणि अंगण खरंच वाकडं असलं तर?"

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "अंगण कुठलं काढलंय दोघांनी? तिसऱ्या मजल्यावर राहतो आपण!"

*

शनिवारी ऋतुजा मला आणि सुभेदारांना रेंजवर घेऊन गेली. नळी साफ करायची सळई मागवली. टोकाला कापडाची चिंधी घट्ट बसवली, सळईवर मार्करने खूण केली आणि ती नळीत ढकलायला लागली. नळीच्या आत स्क्रूसारख्या फिरत गेलेल्या खाचा असतात. चिंधी त्यांत धरून पुढे सरकते आणि सळई आपोआप फिरते. खूण पूर्ण फेरा मारून वर आली, तेव्हा सळई बारा इंच आत गेली होती.

मग चढ्ढासाहेबांच्या रायफलीत तेच केलं. तिथे आठ इंचांतच फेरा पूर्ण!

"बघा पप्पा. नळीचं भोक तेवढंच, मग गोळी जड करायची तर लांबच करावी लागणार. आणि लांब गोळी जास्त जोरात फिरली नाही, तर लट्टूसारखी डुलून आडवी पडणार. आपली रायफल तिला तेवढं फिरवतच नाही!"

"लट्टू नाही, भोवरा," सुभेदार म्हणाले. हरताना माणूस निदान भाषेत तरी जिंकू पाहतो.

"काका, या खाचांच्या ट्विस्टला मराठीत काय म्हणतात?"

"पीळ," मी म्हणालो.

"म्हणजे पप्पांच्या मिशीला असतो, तो?"

"तोच."

तिने सळई उचलली आणि वडिलांच्या मिशीकडे निरखून पाहिलं. "हा किती इंचांत एक?"

सुभेदार हसले. निदान मिशी तरी हलली.

*

त्याच दुपारी चढ्ढासाहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि तोडगा काढला. "देशपांडेजी, कंपनी को लेटर डालो. ट्विस्ट बारह से आठ कर दें!"

मी कागद चढवला. उभ्या नोकरीत याहून अशक्य मागण्या टाइप केल्या होत्या. पण सुभेदारांना राहवेना. "साहेब, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ही तर पोलादाची नळी!"

"क्या बोले?" चढ्ढासाहेबांनी मला विचारलं.

"विचाराधीन है," मी अनुवाद केला.

ऋतुजा पुढे झाली. "अंकल, नली को रहने दो. मुझे पुरानी हल्की गोली दे दो. कल एक भी टेढ़ी गई, तो नाम काट देना."

"देशपांडेजी, सुन लिया ना?"

ऐकलं होतं. तिच्या वडिलांनीही ऐकलं होतं.

*

ट्रायलच्या सकाळी हाडं गोठवणारी थंडी. मी कानटोपीत. सुभेदार बोडकेच आले होते. फौजी टोपी गडबडीत घरी राहिली, हे आयुष्यात पहिल्यांदा. मुलगी नेम धरून पालथी झोपली आणि हे टार्गेटकडे पाठ करून उभे राहिले.

"बघत नाही का?" मी विचारलं.

"ऐकतोय."

गोळ्या सुटल्या. थांबल्या. समोरच्या खंदकातून रामफलचा आवाज आला, "आज एक बी चिट्ठी कोनी आई! सारे छेद गोल, अर सारे बीच में!"

निवड करणारे रामफलने आणलेल्या कागदांवर वाकून बघत राहिले. मग त्यांच्यातल्या एकाने ऋतुजाचा हात हातात घेतला. दिल्लीच्या टीममधली जागा भरली!

चढ्ढासाहेब मार्बलच्या लादीसारखे उजळले. "गोली हल्की, पर लड़की भारी है जी!"

सुभेदार अजून पाठ करूनच होते. मग ते वळले, माझ्याकडे आले, आणि माझ्या डोक्यावरची कानटोपी उतरवली. स्वतःच्या डोक्यावर चढवली, सरळ केली, मिशीला पीळ दिला. ताठ पावलं टाकत ते ऋतुजापाशी गेले. टाच वाजली. हात वर गेला.

ऋतुजा गोंधळून उठून उभी राहिली. "पप्पा, हे काय? मी कुठल्याच डिव्हिजनची नाही!"

सुभेदारांचा हात खाली आला नाही.

"चौकशी पूर्ण झाली आहे," ते म्हणाले.