चहा न पिणाऱ्या दोघी आणि पाथरीकडचे आबा

जानेवारीत एका संध्याकाळी करुणाचा फोन आला. दोन दिवस आमच्याकडे ये, म्हणाली. काही विशेष आहे का, असं मी विचारलं, तर म्हणाली, विशेष काही नाही, आबा बोलत नाहीत.

करुणा साळवे कोण हे आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आम्ही दोघी मॉर्मन, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाच्या आहोत. आमच्या पंथातली तरुण मुलं-मुली घर सोडून काही काळ सेवेला जातात. मुलींचा काळ दीड वर्षाचा असतो. कुठल्या गावी पाठवायचं आणि कुणाबरोबर ठेवायचं हे वरून ठरतं. मी पुण्याची आणि ती पाथरीजवळच्या एका खेड्यातली, पण नेमणूक निघाली बंगळुरूची आणि पहिले सात महिने आमची जोडी होती. जोडीचा नियम कडक असतो. आंघोळ सोडली तर एकीनं दुसरीच्या नजरेआड व्हायचं नाही. छातीवर नावाची काळी पाटी लावायची आणि एकमेकींना आडनावानं हाक मारायची. त्यामुळे आजही ती मला फोनवर आधी ‘सिस्टर मोरे’ म्हणते आणि मग जीभ चावते.

करुणाचं घर बौद्ध. हैदराबादला नर्सिंग शिकताना ती आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आली आणि तिथूनच सेवेला गेली. आबा म्हणजे तिचे आजोबा. तिनं निर्णय सांगितला त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी एक शब्द बोललेला नव्हता. दीड वर्ष ती बाहेर होती, आणि आता परत येऊनही चार महिने झाले होते. ‘घरात एकटीनं वावरायची सवय गेलीय. तू सोबत असलीस तर बरं,’ असं ती म्हणाली, आणि मी लगेच तिकीट काढलं.

पुण्याहून नांदेडकडे जाणाऱ्या गाड्या मानवत रोडला थांबतात, पण सगळ्या नाही, तेवढं आधी बघून घ्या. मी सकाळी उतरले तेव्हा फलाटावर चांगलीच थंडी होती. परभणी जिल्हा म्हणजे ऊन एवढंच डोक्यात घेऊन आलेली मी पातळ ओढणीत कुडकुडत होते. स्टेशनबाहेर मानवतला जाणाऱ्या जीप उभ्या असतात. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली असं आपल्याला वाटतं तेव्हा ती अर्धीच भरलेली असते. मानवतहून पाथरीकडे एसटी मिळते, बायकांना अर्धं तिकीट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी ज्वारी होती. वेचणी झालेल्या पराट्यांवर, म्हणजे कपाशीच्या झाडांवर, चुकार बोंडं लटकत होती, आणि जिनिंगच्या गिरणीकडे निघालेल्या ट्रॅक्टरमधून उडालेला कापूस बाभळींना चिकटला होता.

करुणा फाट्यावर घ्यायला आली होती. लांब स्कर्ट आणि पाटीशिवाय, पंजाबी ड्रेसात मी तिला पहिल्यांदाच बघत होते. आम्ही दोघी क्षणभर एकमेकींकडे अनोळखी माणसांसारख्या बघत राहिलो आणि मग हसायला लागलो.

घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. तिचे वडील हंगामभर मानवतच्या जिनिंगवर असतात, त्यामुळे घरी छायाकाकू, म्हणजे तिची आई, आणि आबाच होते. काकू अंगणवाडीत काम करतात. त्यांनी आल्याआल्या चहा टाकला, आणि माझी परीक्षा तिथंच सुरू झाली. आम्ही चहा-कॉफी पीत नाही. पुण्यात ‘नको’ म्हटलं की विषय संपतो, मराठवाड्यात तिथून विषय सुरू होतो. काकूंना वाटलं साखर बंद आहे. मग वाटलं, दूध चालत नाही. शेवटी करुणानं समजावलं, माझ्यासारखंच हिलाही चालत नाही.

पडवीतल्या बाजेवरून आवाज आला. ‘छाया, तिला इचार, चहा सोडल्यावर कोणता देव लवकर भेटायलाय.’

‘तिला’ म्हणजे करुणाला. ती तीन हातांवर उभी होती, पण प्रश्न काकूंमार्फत गेला. काकूंनी तो पुढे सरकवलाही नाही. सवयीचं झालं असावं. मला त्यांनी गूळ घातलेलं गरम दूध दिलं, आणि मी बाजेपाशी जाऊन आबांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले. पाया पडायचं नाही, बसून बोलायचं, असं म्हणाले.

माझ्याशी मात्र ते भरपूर बोलले. ऐंशीच्या पुढचे, काटक, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. एखाद्या वकिलासारखे एकेक प्रश्न टाकत होते. उठत होता किती वाजता? साडेसहाला, मी म्हटलं. मग अभ्यास, मग दोघींनी मिळून अभ्यास, साडेदहाला घराबाहेर, रात्री नऊला घरात. लोकांच्या दारोदार जात होता का? नाही, तिथं तशी मुभा नव्हती. कुणी स्वतःहून बोलावलं तरच जायचं. मग बाकीचा दिवस काय करत होता? इंग्रजीचे वर्ग घ्यायचो, म्हाताऱ्या माणसांची कामं करायचो, मंडळीतल्या लोकांच्या घरी जायचो. सोमवारी सकाळी कपडे धुवायचे आणि घरी फोन लावायचा.

‘त्या फोनवर ही सांगायची काय?’ काकूंनी मध्येच विचारलं, करुणाकडे न बघता. ‘मला तर बरी हाय, जेवले, एवढंच सांगायची.’

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या घरात कुणालाच काही माहीत नव्हतं. मुलगी दीड वर्ष गेली आणि परत आली. आबांच्या मौनामुळे विचारायची सोयच राहिली नव्हती.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि ठेचलेल्या शेंगदाण्यांची चटणी होती. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेली पूड. वर्षभर टिकते, आयत्या वेळी आमटी होते. मी डबाभर घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला सुशीला होती, भिजवलेल्या मुरमुऱ्यांची. पोह्यांपेक्षा हलकी आणि जास्त तिखट.

मला चारठाण्याची जुनी देवळं बघायची होती. ते कळल्यावर आबा म्हणाले, मी येतो. तरुणपणी ते चारठाण्याला गवंड्याच्या हाताखाली कामाला होते, तिथला दगड न् दगड ओळखतो म्हणाले. मग काठी हातात घेऊन काकूंना म्हणाले, ‘तिला बी म्हणावं चल.’

पाथरीहून सेलूला एसटी, आणि सेलूहून देवगाव फाट्यावरून चारठाणा. आम्हाला दोन ठिकाणी गाडी बदलावी लागली आणि अडीच तास लागले. स्वतःची गाडी असेल तर निम्म्या वेळात व्हावं. आबांना वयामुळे एसटी फुकट. कंडक्टरनं न मागताच ते कार्ड पुढे करत होते. आसनावर मी मध्ये बसले होते, एका बाजूला आबा आणि दुसऱ्या बाजूला करुणा. अडीच तास दोघंही माझ्याशीच बोलत होते.

चारठाणा आडवाटेवर आहे म्हणून लोक जात नाहीत, पण जा. गावात घरांच्या मधोमध, उकिरड्याच्या पलीकडे, कुणाच्या तरी गोठ्याला लागून अचानक कोरीव खांब उभे दिसतात. एका उंच खांबाभोवती तर देऊळच राहिलेलं नाही, नुसता खांब आहे. बायका त्याच्या सावलीत तूर पाखडत होत्या. फलक फारसे नाहीत, त्यामुळे गावातलं माणूस बरोबर हवं. आबांनी आम्हाला एका बारवेवर नेलं. चारी बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेल्या, तळाला हिरवं पाणी. आबांना गुडघ्यांमुळे खाली उतरता येईना, म्हणून आम्ही वरच्याच पायरीवर बसलो.

तिथं त्यांनी मला विचारलं, एवढ्या दिवसांत कधी बेजार झाली न्हाईस का तू.

झाले होते. आणि ते सांगताना करुणा शेजारी आहे याचा मी विचार केला नाही. तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. मला कन्नड येत नव्हतं, वर्गाला येणारी माणसं कमी होत चालली होती, आणि आपण इथं कशासाठी आहोत हेच मला कळेनासं झालं होतं. एका सकाळी मी बॅग भरली आणि करुणाला सांगितलं, मी घरी चालले. तिनं वाद घातला नाही. एवढंच म्हणाली की अकरा वाजता रत्नम्माकडे जायचं कबूल केलंय, तिथवर चल, मग मीच तुला स्टेशनवर सोडते. रत्नम्मा ही हात मोडलेली एकटी म्हातारी होती. आम्ही आठवड्यातून दोनदा तिची भांडी-कपडे करायचो आणि वेणी घालून द्यायचो. बॅग घेऊनच आम्ही बसमध्ये चढलो. करुणानं ती सगळ्या वाटेनं स्वतः उचलली.

रत्नम्मानं दार उघडलं, बॅग बघितली आणि तशीच पाठ फिरवून आत गेली. आम्हाला वाटलं, रागावली. आत जाऊन बघतो तर ती कपाटातल्या एका फळीवरच्या साड्या एका हातानं काढून खाटेवर ठेवत होती. मी राहायला आले असं तिला वाटलं होतं. माझ्यासाठी फळी रिकामी करत होती. तिला समजावून सांगायला माझ्याकडे तिची भाषा नव्हती. मी तिच्या साड्यांच्या घड्या परत फळीवर लावल्या, भांडी घासली, आणि दुपारी बॅग घेऊन खोलीवर परत आले. स्टेशनचा विषय आम्ही दोघींनी पुन्हा काढला नाही.

 मग आबांनी किसनचं सांगितलं.

किसन त्यांचा जोडीदार. विशीत असताना दोघं एका सायकलवर या भागातल्या गावोगावी जायचे. आपल्या वस्त्यांमध्ये लोकांना बुद्धवंदना शिकवायची, पोरांना शाळेत घाला म्हणून सांगायचं, घरातले जुने देव सोडा म्हणून समजावायचं. कुणी ऐकायचं, कुणी हसायचं, कधी आपलेच लोक अंगावर यायचे. एकदा भर उन्हात किसन रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसला आणि म्हणाला, माझ्यानं आता होत न्हाई.

‘मी म्हटलं, बस मग,’ आबा म्हणाले. ‘सायकल घेतली अन् पुढं निघून गेलो. संध्याकाळी आलो तर किसन न्हाई. पुन्हा आलाच न्हाई तो. कामाला म्हणून मुंबईला गेला, तिकडंच खपला. माझं काम बरोबर होतं, पोरी. पण मी त्याला एक बार बी इचारलं न्हाई, की झालं काय.’

 आबांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला, परत लावला, आणि माझ्यावरून पलीकडे बघितलं.

‘अन् तू हिला रागावली न्हाईस?’

दोन वर्षांत पहिल्यांदा. करुणाला तो प्रश्न माझ्यासाठी आहे असं वाटलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मग कळल्यावर तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.

‘न्हाई आबा,’ ती म्हणाली. ‘मला बी त्या दिवशी घरी यायचं होतं. हिनं बॅग भरली नसती तर मीच भरणार होते.’

हे मला माहीत नव्हतं. सात महिने एका खोलीत राहूनही मला हे माहीत नव्हतं.

‘मग आली का न्हाईस?’

‘तुमी बोलणार न्हाई म्हणून.’

आबांनी काठीचं टोक दगडाच्या खाचेत फिरवलं. ‘यायचं होतंस,’ ते म्हणाले. ‘बोललो नसतो. पण भाकर दिली असती.’

करुणा रडली, फार नाही. मी उठून बारवेच्या तळापर्यंत गेले, उगीचच, आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवरची कोरीव फुलं मोजत बसले. वर येईपर्यंत त्या दोघांचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. परतीच्या एसटीत मी खिडकीत बसले.

मिटलं असं समजू नका. तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा पडवीत भांडण सुरू होतं. आबा म्हणत होते, एकदा धम्म घेतल्यावर पुन्हा दुसऱ्या दारात जायची गरजच काय, हे मला समजावून सांग. करुणा समजावत होती आणि त्यांना एक अक्षर पटत नव्हतं. तुझं मला मान्य न्हाई, असं ते तिच्या तोंडावर, मोठ्यांदा सांगत होते. काकू चुलीपाशी धपाटे थापत होत्या. माझ्या डब्यात चार जास्तीचे घातले आणि हळूच म्हणाल्या, दोन वर्षांनी घरात आवाज हाय.

पुण्याला पोचले ते रविवारी रात्री. माझे वडील आमच्या मंडळीत नाहीत. मी बारा वर्षांची असताना आई आणि मी गेलो, ते आले नाहीत. पण तेव्हापासून दर रविवारी ते आम्हाला स्कूटरवरून सोडतात आणि दोन तास बाहेरच्या कट्ट्यावर पेपर वाचत थांबतात. मला ते इतकं सवयीचं होतं की त्यात विचारण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नव्हतं. त्या दिवशी जेवताना मी विचारलं, बाबा, इतकी वर्षं तुम्ही बाहेर बसता, तुम्हाला काय वाटतं?

त्यांनी घास खाली ठेवला. ‘कंटाळा येतो,’ म्हणाले. मग पाण्याचा घोट घेऊन, ‘आत काय चालतं ते एकदा विचारायचं होतं. पण तुम्ही दोघी बाहेर येता ते आपसात बोलतच येता. मध्ये कुठं शिरायचं?’

आईनं माझ्याकडे बघितलं. मी हात धुवून आले, बाबांच्या समोर बसले आणि अगदी पहिल्या रविवारपासून सांगायला सुरुवात केली.